रॉकेट चूल

काटक्या, ढलप्या, चिपाडे यांसारखे घन जळण धुमसू न देता उच्च तापमानास जवळजवळ पूर्ण जाळणारी व निर्माण झालेली उष्णता भांड्यास किंवा उष्णतासंचयकास देणारी चूल. आडवे किंवा उभे जळणमुख, त्याला काटकोनात जोडलेला व भोवती उष्णता निरोधक असलेला उभा ज्वालामार्ग आणि त्यावर मोजून ठेवलेली फट हे तिचे तीन आवश्यक भाग होत. जोराच्या ओढीमुळे हिच्यात घुमल्यासारखा आवाज येतो. त्यावरून हिला हे नाव पडले असे मानतात. अग्निबाणाशी हिचा अन्य संबंध नाही. ज्वालामार्गातून बाहेर पडणारे तप्त वायू माती-दगडाच्या ओट्यातून फिरवून त्यांची उष्णता साठविली, तर त्या रचनेस ‘रॉकेट उष्णतासंचयक’ म्हणतात.

पूर्वपीठिका : तीन दगडांची चूल ही चुलीची सर्वांत जुनी व सर्वत्र आढळणारी रचना होय. महाराष्ट्रातील मातीच्या चुलीत तीन बाजूंनी भिंत घालून वारा अडविलेला असतो. मुख्य चुलीतून जाणाऱ्या उष्ण वायूंचा उपयोग करण्यासाठी तिला शेजारी वैल जोडलेला असतो. वैलावर भात मुरतो, आमटी गरम राहते; म्हणजे वाया जाणारी उष्णता दुसऱ्या भांड्यास देण्याचे तत्त्व गृहिणींना पूर्वापार ठाऊक होते. या चुलीचा खरा दोष धूर हा आहे. धूर म्हणजे केवळ त्रासदायक वायू नव्हे, तर न जळलेले इंधन होय.

भारतात चूल सुधारण्याचे पहिले प्रयत्न धूर घराबाहेर घालविण्याच्या दिशेने झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली मगन चूल (सु. १९४७) आणि हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी तयार केलेली व १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली निर्धूर चूल या दोहोंना धुराडे होते. १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला; तो २००२ मध्ये थांबविण्यात आला. महाराष्ट्रात पुणे येथील ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने या विषयात दीर्घकाळ काम केले. धुराडे असलेली दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल ही तिच्या प्रसारित चुलींपैकी एक होय.

धूर बाहेर घालविणे आणि धूर चुलीतच जाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या मार्गाचा पद्धतशीर विचार अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील अ‍ॅप्रोव्हेचो संशोधन केंद्रात लॅरी विनिआर्स्की यांनी १९८०–८२ च्या सुमारास केला व रॉकेट चुलीची तत्त्वे मांडली. त्याआधी ग्वातेमालातील १९७६ च्या भूकंपानंतर तेथे ‘लोरेना’ ही चिखल व वाळू यांची चूल प्रसारात आली होती. तिच्या जाड भिंतीच पुष्कळशी उष्णता शोषून घेतात असे पुढे दिसून आले. अग्नीभोवती जड माती नको, हलका निरोधक हवा, हा धडा त्यातून मिळाला. याच केंद्राशी संबंधित असलेल्या यांटो एव्हान्स यांनी पुढे उष्णतासंचयकाची रचना विकसित केली.

ज्वलनाचे तत्त्व : लाकूड थेट जळत नाही. तापत असताना प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते. सु. २००° से. पासून पुढे त्यातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व डांबरी बाष्पे बाहेर पडतात आणि मागे कोळसा उरतो. पिवळी ज्योत ही या वायूंची असते. हे वायू पूर्ण जळण्यासाठी तापमान, हवेशी मिश्रण आणि वेळ या तिन्ही गोष्टी लागतात. तापमान सु. ६००° से. च्या खाली गेले, तर कार्बन मोनॉक्साइड व डांबरी बाष्पे न जळताच निसटतात. साध्या चुलीत ज्योत वर चढताच थंड भांड्याला टेकते व विझते. भांड्याच्या बुडाला जमणारी काजळी ही तिची खूण होय. रॉकेट चुलीत ज्योतीला भांड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी निरोधित नळीत पूर्ण जळण्यास अवसर मिळतो.

नळीतील वायू तप्त, म्हणून हलके असतात. त्यामुळे ओढ निर्माण होते. बाहेरील हवा २५° से. व नळीतील वायू ६००° से. असतील, तर एक मी. उंचीच्या नळीत मिळणारा दाबातील फरक पाण्याच्या स्तंभाच्या सु. पाऊण मिमी. इतकाच असतो. एवढ्या अल्प बळावर सारी चूल चालत असल्याने प्रत्येक वळण, अरुंद जागा वा राखेचा ढीग तिच्या कामात अडथळा आणतो.

मापे : जळणमुखापासून धुराड्यापर्यंत वायूंच्या वाटेचे क्षेत्रफळ कोठेही कमी होऊ नये, हा रचनेचा मुख्य नियम होय. १२ सेंमी. व्यासाच्या गोल नळीचे क्षेत्रफळ ११३ चौ. सेंमी. भरते. नळीच्या तोंडावर वायू सर्व बाजूंना पसरताना तेवढेच क्षेत्रफळ मिळावयाचे, तर भांडे तोंडापासून व्यासाच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ३ सेंमी. उंच असावे लागते. २४ सेंमी. व्यासाच्या पातेल्याच्या कडेशी परीघ वाढलेला असल्याने तीच फट दीड सेंमी. पुरते. फट याहून मोठी ठेवल्यास उष्ण वायू भांड्याला न चाटता निघून जातात. लहान ठेवल्यास ओढ मंदावते व धूर मुखातून मागे येतो.

कुटुंबाच्या स्वयंपाकासाठी १२ सेंमी. चौरस मुख व त्याच्या दोन ते तीन पट उंचीचा ज्वालामार्ग पुरेसा होतो. मुखात एक पत्र्याची फळी बसवून काटक्या तिच्यावर ठेवतात; फळीखालून हवा आत जाते व काटक्यांच्या फक्त टोकांना जाळ लागतो. आच काटक्यांच्या संख्येने कमीजास्त करतात. हवेची वाट बुजवून ती कधीही कमी करू नये.

बांधणी : ज्वालामार्ग भाजलेल्या विटांचा करावा. साधे लोखंड या तापमानास झपाट्याने खवले धरून झिजते. म्हणून पत्र्याची नळी फार काळ टिकत नाही. विटांभोवती ५ ते ७ सेंमी. जाडीचा निरोधक थर असावा. भाताच्या तुसाची राख यासाठी उत्तम होय, कारण तिच्यात सिलिकेचे प्रमाण मोठे असते व ती हलकी व सच्छिद्र असते. गाळलेल्या मातीत भरपूर तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळून विटा पाडल्या व भाजल्या, तर भुसा जळून जातो व मागे पोकळ, हलक्या विटा राहतात. सांधे चिकणमाती व बारीक वाळू यांच्या मिश्रणाने भरतात. सिमेंटचा गिलावा ज्वालेच्या संपर्कात फुटतो. म्हणून तो फक्त बाहेरच्या चौथऱ्यास वापरावा. नदीतील गोटे आगीजवळ बसवू नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात. बांधणी पुरी झाल्यावर काही दिवस सावलीत सुकवून नंतर मंद जाळाने ओलावा काढावा. ओल्या चुलीत एकदम मोठा जाळ घातल्यास भेगा पडतात.

उष्णतासंचयक : यात जळणमुख उभे असते. काटक्या उभ्या ठेवतात, ज्योत खाली ओढली जाऊन आडव्या बोगद्यातून जाते व उंच ज्वालामार्गात चढते. मुखाची उंची, बोगद्याची लांबी व ज्वालामार्गाची उंची यांचे प्रमाण साधारणपणे १ : १·५ : ३ ठेवतात. उदा., मुख ४० सेंमी. असल्यास बोगदा ६० सेंमी. व ज्वालामार्ग १२० सेंमी. असतो. ज्वालामार्गावर २०० लि. चे तेलाचे पिंप उपडे घालतात. १५ सेंमी. व्यासाच्या मार्गासाठी पिंपाचा तळ व मार्गाचे तोंड यांत सु. ४ सेंमी. फट लागते. वायू पिंपाच्या तळाला आदळून कडेने खाली उतरतात. पिंप खोलीस लगेच ऊब देते. वायू पुढे ओट्यात पुरलेल्या नळातून जाऊन आपली उरलेली उष्णता माती-दगडास देतात. १५ सेंमी. व्यासाच्या रचनेत असा आडवा नळ ६ ते ९ मी. पर्यंत चालतो, प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातून सु. दीड मी. वजा करावे लागतात.

एक घन मी. ओट्याचे वजन सु. २,००० किग्रॅ. भरते. मातीची विशिष्ट उष्णता ०·२ धरल्यास हा ओटा ३०° से. ने तापविण्यास सु. १२,००० किलोकॅलरी लागतात. कोरड्या लाकडाच्या साधारण तीन किग्रॅ. मधील ही उष्णता होय. जाळ एक-दोन तास चालतो, ओटा मात्र रात्रभर ऊब देतो. तत्त्व नवे नाही : चीनमधील कांग हा झोपण्याचा तापता ओटा, कोरियातील ओंडोल ही तापती जमीन, रशियातील जाड विटांची भट्टी आणि काश्मीरमधील फरसबंदीखाली जाळ घालण्याचे हमाम ही सर्व त्याचीच रूपे होत.

बंब : महाराष्ट्रातील हवामानात खोली तापविण्याची गरज थोडी, पण स्नानाच्या ऊन पाण्याची गरज रोजची असते. ती भागविणारा तांब्याचा बंब हा संचयकाचाच एक प्रकार म्हणता येईल. त्याच्या मधोमध उभी नळी असून तळाशी जाळी असते. वरून टाकलेल्या ढलप्या, करवंट्या वा शेणी जाळीवर जळतात, राख खाली पडते, हवा खालून शिरते आणि नळीभोवतीचे पाणी तापते. जाळ, ओढ व संचय या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. वजनास वजन धरता पाणी मातीच्या पाचपट उष्णता साठविते. म्हणून संचयक म्हणून त्याची निवड योग्यच होय. बंबाची उणीव एवढीच, की नळीची भिंत पाण्याने सतत थंड राहत असल्याने ज्योत पूर्ण जळण्यापूर्वी विझते व सुरुवातीस दाट धूर होतो. जाळीखाली विटांचे निरोधित ज्वलनघर बांधून त्यावर बंब बसविल्यास ज्वलन आधी पुरे होते व मग उष्णता पाण्यास मिळते. मात्र पाणी कोंडलेल्या बंद भांड्यात कधीही तापवू नये. वाफेचा दाब वाढून स्फोट होतो. झाकण सैल व तोंड मोकळे असणे हीच बंबाची सुरक्षितता होय.

आजरा परिसरातील उपयुक्तता : कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, हिरण्यकेशी नदीकाठचा आजरा हा तालुका सह्याद्रीच्या उतारावर वसलेला आहे. आंबोली घाटाकडील त्याच्या पश्चिम भागात पाऊस फार मोठा असतो व पूर्वेस गडहिंग्लजकडे तो कमी होत जातो. भात, ऊस, नाचणी व काजू ही येथील पिके असून ‘आजरा घनसाळ’ हा सुवासिक तांदूळ प्रसिद्ध आहे. त्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. भाताच्या गिरण्यांतील तूस, उसाची चिपाडे व पाचट, बांधावरील झाडांच्या काटक्या हे जळण येथे सहज मिळते.

येथे चुलीचा खरा कस पावसाळ्यात लागतो. मृगापूर्वी जळणाची बेगमी करून ते पडवीत रचून ठेवण्याची जुनी रीत आहे, ती शास्त्रशुद्ध होय. निम्मे वजन पाण्याचे असलेल्या एक किग्रॅ. लाकडात अर्धा किग्रॅ. पाणी असते व त्याची वाफ करण्यासच सु. ३०० किलोकॅलरी खर्च होतात. उरलेल्या अर्ध्या किग्रॅ. कोरड्या भागातून सु. २,१०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सातवा हिस्सा पाण्यावर जातो. याहून मोठे नुकसान असे, की वाफेमुळे ज्वालेचे तापमान उतरते व सर्वच जळण धुमसू लागते. ओल्या लाकडावर चांगली रॉकेट चूलही साध्या चुलीसारखीच धुरकट होते. म्हणून येथे संचयी ओट्याचा पहिला उपयोग माणसांना ऊब देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचे जळण, ओली घोंगडी व कपडे सुकविण्यासाठी करणे श्रेयस्कर होय. सुकविण्याचे जळण पिंपाला टेकवून कधीही ठेवू नये. ते ओट्याच्या दूरच्या, हाताला सोसवेल इतक्याच उष्ण भागावर रचावे.

पश्चिम महाराष्ट्रातील ओल्या पट्ट्यात मिळणारा जांभा दगड सच्छिद्र असून पाणी धरतो. त्यामुळे तो ओट्याच्या बाहेरील बांधणीस चांगला, पण ज्वालामार्गास अयोग्य ठरतो. ओटा जमिनीतील ओल चढणार नाही अशा जोत्यावर घ्यावा. धुराड्याचे तोंड कौलांच्या आढ्याहून वर न्यावे व त्यावर पावसासाठी छत्री बसवावी. काजूची टरफले जळण म्हणून स्वस्त असली, तरी घरगुती चुलीत ती टाळावीत. त्यांतील दाहक तेलामुळे धूर डोळ्यांना व त्वचेला झोंबतो आणि नळात चिकट थर बसतो.

या जिल्ह्यातील गुऱ्हाळांतही चुलाणाचे हेच शास्त्र दिसते. काहिलीखालच्या चुलाणात वाळलेली चिपाडे थोडीथोडी व सतत घालतात. एकदम भारा कोंबला तर जाळ दबतो व धूर उठतो, हे जाळ घालणारा अनुभवाने जाणतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला असून त्याच्या रंगास व प्रतीस जाळावरील हा ताबा मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतो.

जुळणी व चाचणी : नवी चूल पहिल्याच दिवशी नीट चालेल असे नाही. दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्याचा गुण आला ते कळत नाही. धुराचा रंग हा उत्तम निदर्शक आहे. पेटविताना येणारा पांढरा धूर बहुतांशी वाफेचा असतो व काही मिनिटांत तो नाहीसा व्हावा. निळसर, डोळ्यांत जाणारा धूर सतत येत असल्यास ज्वालामार्ग पुरेसा तापत नाही. निरोधक थर ओला वा अपुरा आहे असे समजावे. काळा धूर हवा कमी पडल्याचे किंवा ज्योत थंड पृष्ठभागाला लवकर टेकल्याचे दाखवितो. काटक्या कमी कराव्यात किंवा फट वाढवावी. मुखातून धूर मागे येत असल्यास धुराडे थंड आहे किंवा वाट कोठेतरी अरुंद आहे. थंड धुराड्याच्या तळाशी असलेल्या झडपेतून मूठभर पेंढा जाळल्यास ओढ सुरू होते. राख पांढुरकी व भुसभुशीत राहणे आणि भांड्याचे बूड फारसे काळे न होणे ही ज्वलन पूर्ण झाल्याची लक्षणे होत.

कार्यक्षमता घरीही मोजता येते. समजा, ५ लि. पाणी २५° से. पासून १००° से. पर्यंत नेण्यास ४०० ग्रॅ. वाळके लाकूड लागले. पाण्यास ३७५ किलोकॅलरी मिळाल्या व लाकडात सु. १,५०० किलोकॅलरी होत्या. म्हणून कार्यक्षमता २५% झाली. शिल्लक राहिलेल्या कोळशाची उष्णता यातून वजा करावी लागते. मोजणी किमान तीन वेळा करून सरासरी घ्यावी व प्रत्येक वेळी तेच भांडे आणि तितकेच वाळलेले जळण वापरावे. भारतीय मानक ब्यूरोने २०१३ मध्ये सुधारलेल्या मानकात सुट्या चुलींसाठी किमान कार्यक्षमता नैसर्गिक ओढीच्या प्रकारास २५% व पंख्याच्या प्रकारास ३५% ठरविली आहे. तीन दगडांची चूल बहुधा १० ते १५% च्या आसपास असते.

मर्यादा व धोके : रॉकेट चुलीचे मुख लहान असल्याने लाकूड बारीक फोडावे लागते आणि हे काम बहुधा घरातील स्त्रीवरच पडते. शेणी व पाचट तिच्यात नीट जळत नाहीत. तिच्यात निखारे थोडे उरतात. त्यामुळे तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगविण्याची सोय राहत नाही. सुधारित चुली मिळूनही अनेक घरांत जुनी चूल पुन्हा पेटली, याची कारणे अशा साध्या अडचणींत असतात. मुखापुढे निखारे ओढून घेण्यास सपाट कट्टा ठेवल्यास ही अडचण काही अंशी दूर होते. पूर्वीच्या कौलारू घरांत धुरामुळे वासे कीड न लागता टिकत, हेही खरे आहे. निर्धूर चूल घेतल्यावर लाकडाची निगा वेगळ्या रीतीने घ्यावी लागते.

संचयकात वायू फार थंड झाल्यास नळात पाणी साचते व ओढ खुंटते. म्हणून नळास उतार व वळणांवर साफसफाईची झाकणे हवीत आणि राख वर्षातून किमान दोनदा काढावी. पिंपावरील मूळ रंग प्रथम उघड्यावर जाळून काढावा, कारण त्याचा धूर विषारी असतो. पिंपाचा माथा अत्यंत तापतो; मुलांच्या हाताशी येणार नाही असा कठडा भोवती असावा. धुराडे नसलेली कोणतीही चूल दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसल्याने तो जाणवतही नाही आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सु. ३२ लाख मृत्यू ओढवले. त्यांत बालकांचाही समावेश होता. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाचा वायू पुष्कळ ग्रामीण घरांत पोहोचला. तरीही आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण व मोठ्या माणसांकरवी होणारा सणावाराचा स्वयंपाक यांसाठी लाकूडफाटा जळतच राहतो. जोपर्यंत तो जळतो, तोपर्यंत तो पूर्ण जळावा आणि त्याचा धूर चूल फुंकणारीच्या छातीत न जाता ज्वालेतच संपावा, एवढे साधणे हे या चुलीचे प्रयोजन होय.